परळ, यीस्ट आणि पाचवं अक्षर

करी रोड स्टेशनवर उतरून परळच्या दिशेने चालत निघालं, तर अर्ध्या तासाच्या आत आपण देशातल्या वैद्यकीय संशोधनाच्या एका जुन्या ठाण्यावर पोहोचतो. हाफकिनची प्रयोगशाळा इथे 1899 मध्ये आली. केईएम रुग्णालय 1926 मध्ये सुरू झालं, लहान मुलांचं वाडिया रुग्णालय 1929 मध्ये आणि टाटा मेमोरियल 1941 मध्ये. गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्या वस्तीचा दिवस उगवायचा आणि मावळायचा, तिच्या मधोमध या संस्था वाढल्या. गिरणगावाचा इतिहास आपण संपांचा, चाळींचा, शाहिरांचा म्हणून सांगतो, आणि तो खराच आहे. पण याच टापूत रक्ताचाही एक इतिहास घडला. त्याचा एक धागा परळच्या वॉर्डात आहे, दुसरा थेट पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीत. दोन्ही धागे एका जनुकातल्या एकाच अक्षराशी येऊन मिळतात. ती हकिगत इथे सांगायची आहे.

सुरुवात 1952 पासून करू. त्या वर्षी 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मुंबईच्या रुग्णांविषयीचा एक छोटा लेख छापून आला. लेखकांमध्ये डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया ही मुंबईकर डॉक्टरांची नावं होती, आणि त्यांच्यासोबत इंग्लंडमधले रक्तगटतज्ज्ञ होते. प्रश्न असा होता की काही माणसांचं रक्त तपासणीत 'ओ' गटासारखं दिसे, पण 'ओ' गटाचं रक्तही त्यांना चालत नसे. ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या मुळाशी 'एच' नावाचा एक पदार्थ असतो. तोच या माणसांच्या तांबड्या पेशींवर नव्हता. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हा गट आजही 'बॉम्बे ब्लड ग्रुप' या नावाने शिकवला जातो.

या शोधाने परळला एक दिशा मिळाली. 1957 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर स्थापन केलं आणि डॉ. भाटियांनी ते वाढवलं. तीच आजची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी. केईएमच्या आवारातल्या बहुमजली इमारतीच्या तेराव्या मजल्यावर तिचं बिऱ्हाड आहे. रक्तगटांपासून निघालेलं काम हळूहळू रक्ताच्या आनुवंशिक आजारांकडे वळलं, आणि त्यात सगळ्यात जड ओझं होतं थॅलेसेमियाचं.

थॅलेसेमिया मेजर असलेलं मूल जन्मतं तेव्हा ठणठणीत असतं. पहिले काही महिने गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनवर निघतात. ते ओसरू लागतं तेव्हा त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिनने घ्यायला हवी, आणि इथे ते पुरेसं तयारच होत नाही. मूल फिकट पडतं, दूध नीट पीत नाही, वजन धरत नाही. पोटाला हात लावला तर डाव्या बरगडीखाली वाढलेली प्लीहा लागते. रक्त दिलं नाही तर बहुतेक मुलं पहिल्या काही वर्षांतच दगावतात. रक्त दिलं तर दर तीन-चार आठवड्यांनी द्यावं लागतं, जन्मभर. शिवाय रक्ताच्या प्रत्येक पिशवीसोबत सुमारे 200 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय निसर्गाने माणसाला दिलेली नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींत साचतं. ते काढायला पूर्वी रात्र रात्र पोटाच्या कातडीखाली सुई टोचून पंपाने औषध द्यावं लागे. तोंडाने घ्यायच्या डेफेरिप्रोन या औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत मुंबईच्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता, आणि 1990च्या दशकाच्या मध्यात त्या औषधाला परवानगी देणारा भारत हा पहिला देश ठरला.

या आजाराचं प्रथम नीट वर्णन डेट्रॉइटच्या डॉ. थॉमस कुली यांनी 1925 मध्ये केलं. त्यांचे रुग्ण भूमध्य सागराकाठून आलेल्या कुटुंबांतले होते. भारतातला पहिला वृत्तांत 1938 मध्ये कलकत्त्याहून आला. मुंबईत त्याची तीव्रता फाळणीनंतर अधिक जाणवू लागली. सिंधमधून उखडलेली हजारो कुटुंबं मुंबईत आणि कल्याणजवळच्या छावण्यांत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, येऊन राहिली, आणि सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण मोठं आहे. पण हा आजार फक्त बाहेरून आलेल्यांचा, असं म्हणणं साफ चूक ठरेल. लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजांत तो आहे, आणि इथल्या कोळी, सारस्वत, महार अशा समाजांतही आहे. परळमध्ये काम करणारे पी. के. सुकुमारन यांनी 1972 मध्ये सहकाऱ्यांसह तीन सिंधी कुटुंबांत एक वेगळंच हिमोग्लोबिन नोंदवलं. थॅलेसेमियासोबत आढळलेलं ते हिमोग्लोबिन आज 'हिमोग्लोबिन क्यू-इंडिया' म्हणून ओळखलं जातं. गाळण कागदावर विजेच्या दाबाने हिमोग्लोबिनचे पट्टे वेगळे करायचे आणि डोळ्यांनी वाचायचे, असा तो काळ होता.

पट्टा वाचून आजार कळे, कारण मात्र कळत नसे. हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळी 146 अमिनो आम्लांची. 1965 मध्ये डेव्हिड वेदरॉल आणि जॉन क्लेग यांनी किरणोत्सारी अमिनो आम्लं वापरून दाखवलं, की रुग्णांच्या पेशींत अल्फा साखळी नीट बनते आणि बीटाचं उत्पादन मात्र मागे पडतं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. साखळी कमी बनते, कारण तिचा निरोप घेऊन येणारा आरएनएच कमी असतो. पुढे जनुकच तपासता येऊ लागलं, तेव्हा बहुतेक रुग्णांत बीटा ग्लोबिनचं जनुक जागेवर असल्याचं दिसलं. जनुक आहे आणि निरोप नाही, तर मधे काय होतं?

उत्तर मिळायला यीस्टकडे जावं लागतं.

पावाच्या पिठातली ही एकपेशीय बुरशी. तिच्या जनुकसंचात डीएनएची सुमारे 1 कोटी 20 लाख अक्षरं (ए, टी, जी आणि सी ही ती चार अक्षरं) आणि 6,000च्या आसपास जनुकं आहेत. चांगलं खाद्य मिळालं तर ती दीड तासात दुप्पट होते. 1960च्या दशकात कॅलिफोर्नियात लेलंड हार्टवेल यांनी यीस्टच्या अशा जाती शोधायला घेतल्या ज्या 23 अंशांना वाढतात, पण 36 अंशांना अडतात. अशा जातीत कुठलंतरी एक प्रथिन उष्णतेने निकामी होतं. ती अडते कुठे हे पाहिलं की त्या प्रथिनाचं काम ओळखता येतं. त्यांच्या संग्रहातल्या काही जाती आरएनए बनवण्यात अडत होत्या. 1970 मध्ये अशी दहा जनुकं त्यांनी सहकाऱ्यांसह वेगळी केली आणि ही जनुकं रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रांच्या, घडणीशी संबंधित असावीत असं मांडलं.

मग 1977 साल उजाडलं. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळांनी सर्दीच्या एका विषाणूत दाखवलं, की जनुकातला मजकूर सलग नसतो. मधे मधे निरर्थक वाटणारे तुकडे असतात. त्यांना इंट्रॉन म्हणतात. जनुकावरून आरएनएची प्रत निघते तेव्हा इंट्रॉनही उतरवले जातात, आणि मग ते कापून टाकून उरलेले तुकडे जोडले जातात. या कापण्या-जोडण्याला स्प्लायसिंग म्हणतात. या शोधाला 1993 चं नोबेल मिळालं. प्राण्यांच्या ज्या पहिल्या काही जनुकांत इंट्रॉन सापडले त्यांत बीटा ग्लोबिनही होतं. त्यात दोन इंट्रॉन आहेत, पहिला 130 अक्षरांचा आणि दुसरा 850 अक्षरांचा.

यीस्टमध्ये इंट्रॉन थोडे, तीनशेच्या आतबाहेर. पण त्यांतले बरेच आहेत नेमके रायबोसोमच्या प्रथिनांच्या जनुकांत, आणि ही जनुकं पेशीत सतत चालू असतात. 1981 मध्ये मायकेल रॉसबॅश यांच्या गटाने हार्टवेल यांच्या जुन्या जातींपैकी एक तपासली. 36 अंशांना नेल्यावर तिच्यात न कापलेल्या आरएनएचा ढीग साचत होता. हार्टवेल यांची दहा जनुकं रायबोसोम घडवत नव्हती, तर इंट्रॉन कापत होती. कापणी अडली म्हणून रायबोसोमची प्रथिनं अडली, आणि म्हणून पेशी अडली. दशकभर कपाटात असलेल्या त्या जाती एकाएकी स्प्लायसिंगच्या अभ्यासाचं मुख्य हत्यार बनल्या. पुढे 1989 मध्ये कॅल्टेकच्या जॉन एबेल्सन यांच्या प्रयोगशाळेत उषा विजयराघवन यांनी अशा जातींचा आणखी एक मोठा संच वेगळा केला. नंतर त्या बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या आणि यीस्टमधल्या स्प्लायसिंगच्या संशोधनाला भारतात त्यांनी घर मिळवून दिलं.

इंट्रॉन कुठून कापायचा हे पेशीला कसं कळतं? इंट्रॉनच्या सुरुवातीला काही ठरावीक अक्षरं असतात. यीस्टमध्ये ती जवळजवळ नेहमी अशी असतात: जी, टी, ए, टी, जी, टी. कापणीच्या यंत्रणेतला यू-वन नावाचा एक छोटा आरएनए या अक्षरांशी आपली अक्षरं जुळवतो आणि खूण पटवतो. यू-वनचा हा जुळवणीचा टोकाचा भाग यीस्टमध्ये आणि माणसात अक्षरशः सारखा आहे. उत्क्रांतीत दोघांची वाट फुटून शंभर कोटी वर्षं झाली असतील, तरी ही खूण बदललेली नाही.

आता दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवू.

पहिला 1983 चा. रिचर्ड ट्राइसमन, स्टुअर्ट ऑर्किन आणि टॉम मॅनिॲटिस यांनी थॅलेसेमियाच्या रुग्णांची पाच बीटा ग्लोबिन जनुकं घेतली, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत घातली आणि त्यांतून निघणारा आरएनए तपासला. त्यांतल्या एका जनुकात पहिल्या इंट्रॉनचं पाचवं अक्षर बदललेलं होतं. जीच्या जागी सी. तेवढ्याने योग्य जागची कापणी खूप घटली होती आणि यंत्रणा आसपासच्या तीन भलत्या जागी कापत होती. दोन जागा इंट्रॉनच्या अलीकडे, एक पलीकडे. अशा चुकीच्या जोडणीतून निघालेल्या निरोपातून बीटा साखळी बनू शकत नाही. पुढच्याच वर्षी हेग कझाझियन, ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी भारतीय वंशाच्या रुग्णांतले सात बदल मांडले. त्यांत हा बदल होताच.

दुसरा प्रयोग 1985 चा. रॉय पार्कर आणि क्रिस्टीन गथ्री यांनी यीस्टच्या एका इंट्रॉनचं पाचवं अक्षर बदललं, जीच्या जागी ए केलं. कापणी घटली. काही वेळा ती भलत्या जागी झाली, आणि तिथे कापलेले तुकडे पुढे जोडलेच गेले नाहीत. 1988 मध्ये रॉसबॅश यांच्या आणि गथ्री यांच्या गटांनी उलटा डाव खेळून पाहिला. बदललेल्या पाचव्या अक्षराला जुळेल असा बदल यू-वनमध्ये केला, तेव्हा गेलेली ओळख काही अंशी परत आली. म्हणजे दुखणं एकट्या अक्षरात नव्हतं, ते त्या अक्षराच्या यू-वनशी होणाऱ्या जोडीत होतं.

माणसाच्या बीटा ग्लोबिनमध्ये पहिला इंट्रॉन असा सुरू होतो: जी, टी, टी, जी, जी, टी. यू-वनशी त्यातलं तिसरं अक्षर जुळत नाही आणि चौथ्याची जोडी ढिली पडते. त्यामुळे पाचव्या जीची घट्ट जोडी तिथे फार मोलाची ठरते. ती सुटली की खूण पटणं अवघड होतं. कॅलिफोर्नियात यीस्टच्या पेशीत हाताने केलेला बदल आणि परळच्या मुलांच्या रक्तात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला बदल एकाच जागी बसतात. रोगाचा अभ्यास करणाऱ्यांनी यीस्ट निवडलं नव्हतं, आणि यीस्टवाल्यांना परळ ठाऊक नव्हतं. तरी पाचव्या अक्षराला इतकं वजन का, हे आपल्याला यीस्टने समजावलं.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीची समजूत अशी होती की पेशीत ही कामं एकामागून एक होतात. आधी जनुकावरून आरएनएची अख्खी प्रत निघते, मग तिची कापणी, मग शेवटाची बांधणी. गिरणीत सूत कातणारं खातं वेगळं आणि साचाखातं वेगळं, तसंच काहीसं. पण सूत चातीवरून उतरायच्या आतच त्याचं कापड विणलं जात असल्याचं यीस्टमध्ये दिसलं. प्रत उतरवणाऱ्या पॉलिमरेज या यंत्राला एक लांब शेपटी असते. सात अमिनो आम्लांचा एकच तुकडा त्या शेपटीत यीस्टमध्ये 26 वेळा आणि माणसात 52 वेळा येतो. यंत्र जनुकावर पुढे सरकतं तसतशी या शेपटीवर फॉस्फेटची खूणगाठ बदलत जाते, आणि त्या त्या वेळी लागणारी प्रथिनं तिच्यावर येऊन बसतात. आरएनएच्या टोकाला टोपी चढवणारी एन्झाइम्स अशीच शेपटीला धरून येतात, हे 1997 मध्ये दाखवलं गेलं. ती टोपी धरून बसणारी प्रथिनं यीस्टमध्ये यू-वनच्या जुळणीलाही मदत करतात.

मग काळाचा प्रश्न आला. 2003 मध्ये यीस्टवरच्या प्रयोगांत कार्ला नॉयगेबाउअर यांच्या गटाला दिसलं, की पॉलिमरेज जनुकावर असतानाच यू-वन तिथे हजर होतो. त्याच वर्षी मॅन्युएल अरेस यांच्या गटाने पॉलिमरेजचा वेग कमी केला, आणि एरवी वगळला जाणारा मधला तुकडा अंतिम आरएनएमध्ये अधिक वेळा टिकून राहिला. यंत्र किती वेगाने पुढे जातं, यावर काय कापलं जाईल हे काही प्रमाणात ठरतं. 2005 मध्ये रॉसबॅश यांच्या प्रयोगशाळेने यू-वनची अक्षरजोडणी या चालू प्रतीवर नेमकं काय काम करते, हे यीस्टमध्ये तपासलं. आणि 2016 मध्ये नॉयगेबाउअर यांच्या गटाने यीस्टच्या एकेका अर्धवट आरएनएची लांबी मोजून अंतरच सांगितलं. इंट्रॉन संपून पॉलिमरेज अवघी 26 अक्षरं पुढे गेलेलं असतं, तेव्हाच जोडणी झालेले आरएनए दिसू लागतात. 45 अक्षरांपर्यंत निम्मे जोडून झालेले असतात. इंट्रॉन यंत्राच्या पोटातून बाहेर पडतो न पडतो, तोच तो कापला जातो.

या सगळ्याचा थॅलेसेमियाशी संबंध काय, हे 2021 मध्ये नॉयगेबाउअर यांच्याच गटाने दाखवलं. उंदराच्या लाल पेशी बनण्याच्या प्रक्रियेत त्यांनी एकेक नवा आरएनए वाचला. ज्या प्रतींत इंट्रॉन कापायचे राहून गेले होते, त्या प्रतींचा शेवटही नीट बांधला गेलेला नव्हता. भूमध्य सागराकाठच्या थॅलेसेमिया रुग्णांत सापडणारा एक वेगळा बदल बीटा ग्लोबिनमध्ये घातल्यावर कापणी वाढली, आणि तिच्यासोबत शेवटाची बांधणीही सुधारली. प्रत काढणं, कापणं आणि शेवट बांधणं ही कामं एकाच हालचालीचे भाग आहेत. म्हणून रुग्णाच्या जनुकातल्या एका अक्षराचा परिणाम एका कापणीपुरता राहत नाही. निरोपाच्या अख्ख्या प्रवासावर तो पडतो.

आता परळकडे वळू. 1980च्या दशकात इथल्या तज्ज्ञांसमोर एक निकडीचा प्रश्न होता. ज्या जोडप्याला एक थॅलेसेमियाग्रस्त मूल आहे, त्यांच्या पुढच्या गर्भाचं काय? दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमियाग्रस्त असण्याची शक्यता चारात एक असते. सुरुवातीला गर्भाच्या नाळेतून रक्ताचा थेंब घेऊन, वेदरॉल-क्लेग पद्धतीने बीटा साखळीचं उत्पादन मोजलं जाई. हे पाचव्या महिन्याच्या आसपास करावं लागे. आईच्या मनाची त्या वेळी काय अवस्था होत असेल, ते सांगायला नको.

जनुकाचं अक्षर वाचता येऊ लागलं, तेव्हा ही वेळ अलीकडे आणता आली. दहाव्या-बाराव्या आठवड्यात वारेच्या ऊतीचा कणभर तुकडा घेतला की त्यातलं डीएनए तपासता येतं. पण तपासायचं काय? बीटा ग्लोबिनमधले शेकडो बदल जगभर नोंदले गेले आहेत. इथे परळच्या संस्थेचं काम मोलाचं ठरलं. डॉ. दीपिका मोहंती, डॉ. रोशन कोलाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हजारो कुटुंबांचे नमुने तपासून कुठल्या प्रांतात, कुठल्या समाजात कोणते बदल आढळतात याचा नकाशा तयार केला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉन ओल्ड, नाझनीन वरावाला आणि वेदरॉल यांनी उपखंडातल्या वाहकांचा अभ्यास करून दाखवलं, की मोजके पाच बदल नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांना पुरतात. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत जनुकाचा 619 अक्षरांचा तुकडा गळालेला असणं नेहमीचं. पण एकूण भारतात पहिला क्रमांक एकाच बदलाचा आहे, आणि परळच्या नोंदींत निम्म्याहून अधिक जनुकांत तोच सापडतो. पहिल्या इंट्रॉनचं पाचवं अक्षर, जीच्या जागी सी.

हे अक्षर परळच्या प्रयोगशाळेत कसं वाचतात ते पाहू. डीएनएची प्रत काढायला एक छोटा तुकडा लागतो, त्याला प्रायमर म्हणतात. या प्रायमरचं शेवटचं अक्षर नेमकं इंट्रॉनच्या पाचव्या जागेवर येईल असा तो बेतलेला असतो. एका नळीतला प्रायमर निरोगी अक्षराशी जुळतो, दुसऱ्या नळीतला बदललेल्या अक्षराशी. शेवटचं अक्षर जुळलं तरच प्रत पुढे निघते, नाही जुळलं तर नळी मुकी राहते. मग दोन्ही नळ्यांतला द्रव जेलच्या पट्टीत भरून विजेचा प्रवाह सोडतात. अतिनील दिव्याखाली एक चकाकती रेघ दिसते किंवा दिसत नाही. रेघ फक्त निरोगी अक्षराच्या नळीत आली तर मूल सुटलं. दोन्हींत आली तर मूल आईबापांसारखं वाहक, म्हणजे निरोगी. फक्त बदललेल्या अक्षराच्या नळीत आली तर जोडप्यासमोर फार कठीण निर्णय असतो. त्या निर्णयात त्यांच्या बाजूला बसून समजावणारं माणूस असणं हा या चाचणीचाच भाग आहे, असं मी मानतो.

2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मुंबई आणि दिल्लीतल्या शाळकरी मुलांची तपासणी झाली. मुंबईत वाहकांचं प्रमाण 2.68 टक्के निघालं, दिल्लीत 5.47 टक्के. शंभरात अडीच-तीन म्हणजे कमी वाटतं, पण लोकलच्या एका डब्यात उभं राहून विचार करावा. गर्दीच्या डब्यात दोनशे-अडीचशे माणसं असतात. त्यांतले पाच-सहा जण वाहक असू शकतात आणि त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं. देशात दरवर्षी सुमारे 10,000 मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात, असा अंदाज आहे.

वाहक माणूस आजारी नसतो. त्याचं हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, पेशी आकाराने लहान असतात, आणि अनेकदा लोह कमी आहे असं समजून त्याला वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या जातात. एचबीए2 नावाचा हिमोग्लोबिनचा एक भाग मोजला की बहुतेक वाहक ओळखू येतात. ही चाचणी मुंबईत सहज होते. सायप्रसमध्ये 1970च्या दशकापासून लग्नाआधीच्या तपासणीची पद्धत रुजली आणि तिथे थॅलेसेमियाग्रस्त मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. आपल्याकडे अजूनही पुष्कळ जोडप्यांना पहिलं मूल आजारी पडल्यावरच कळतं. त्यातही दोष आईच्या माथी मारला जातो. बदल दोघांकडून येतो, हे पेशीच्या पातळीवर सिद्ध झालेलं सत्य घराघरांत पोहोचायला हवं.

नवे उपचारही येत आहेत. थॅलेसेमियासाठी जनुकसंपादनावर आधारलेल्या उपचाराला 2023च्या शेवटी ब्रिटनमध्ये आणि 2024च्या सुरुवातीला अमेरिकेत परवानगी मिळाली. तो गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा चालू करतो. पण त्याची किंमत आपल्या वॉर्डांतल्या कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश झाला, त्याचा आधार काही कुटुंबांना मिळतो. रक्त मात्र अजूनही दर तीन-चार आठवड्यांनी लागतंच, आणि मे महिन्याच्या सुट्टीत दाते गावाला गेले की ते मिळवण्यासाठी आईबापांची वणवण होते.

लालबाग-परळची गणेशोत्सव मंडळं रक्तदानाची शिबिरं भरवतात. 2020 मध्ये कोविडच्या काळात लालबागचा राजा मंडळाने मूर्तीऐवजी आरोग्योत्सव केला आणि रक्तदान व प्लाझ्मादान घडवलं. या भागातल्या कार्यकर्त्यांना रक्ताची किंमत कळते. त्याच शिबिरात, त्याच टेबलावर, लग्न न झालेल्या किंवा नुकतं लग्न झालेल्या तरुण-तरुणींचं दोन मिलिलिटर रक्त जास्तीचं घेऊन एचबीए2 तपासता येईल. निकाल लिफाफ्यात, फक्त त्या माणसाच्या हाती. कोणाची जात विचारायची नाही, कोणाचं नाव फळ्यावर लावायचं नाही. एवढी एक सवय या गल्ल्यांत लागली, तर पाचवं अक्षर बदललेलं असूनही या भागातली थॅलेसेमियाग्रस्त मुलांची संख्या पुढच्या एका पिढीत फार खाली आणता येईल. त्यासाठी लागणारं ज्ञान यीस्टच्या पेशीतून आणि परळच्या नळ्यांतून आपल्याकडे कधीच येऊन पोहोचलं आहे.